'मी'वर घातलेला आळ

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा, सनीवेल, क्युपर्टिनो या पट्ट्यात मराठी घरांमधून एक सिद्धांत बरीच वर्षं बिनविरोध नांदतो आहे. शाळा सुटल्यावर गाडीत बसता बसता पोरगं सांगतं, 'मी अँड जॉश गॉट पेअर्ड फॉर द सायन्स प्रोजेक्ट.' पुढच्या सीटवरून लगेच दुरुस्ती येते, 'जॉश अँड आय!' पोरगं मान डोलावतं आणि खाऊचा डबा उघडतं. एवढ्यावर भागत नाही. शनिवारी रात्री चार मराठी कुटुंबं जेवायला जमली की या प्रसंगाचं निदान होतं. आपण घरी मराठी बोलतो ना, त्याचा हा परिणाम. मराठीत स्वतःला 'मी' म्हणायचं, इंग्रजीतही एक 'मी' आहे, मग पोरांच्या डोक्यात घोळ होणारच. कुणीतरी आणखी पुढे जाऊन सुचवतं की सहावी-सातवीपर्यंत घरात इंग्रजीच ठेवावं. मराठी काय, सुट्टीत पुण्याला गेलं की येतंच.

सिद्धांत दिसायला मोठा देखणा आहे. मराठीतला 'मी' कर्त्याच्या जागेचा, इंग्रजीतला 'मी' कर्माच्या जागेचा, आणि उच्चार तंतोतंत एक. इतका सुबक पुरावा कुठल्याही वकिलाला हवाहवासा वाटेल. अडचण एवढीच की तो खोटा आहे. तो खोटा ठरवायला भाषाशास्त्राची पदवी लागत नाही, मागच्या सीटवरचं बोलणं आठवडाभर कान देऊन ऐकलं तरी पुरतं.

पहिली गोष्ट. हेच पोरगं 'मी वेंट टू प्रॅक्टिस' असं कधी म्हणतं का? नाही. तिथे 'आय वेंट' बिनचूक येतं. एका दमात ते म्हणतं, 'आय फरगॉट माय लंच, सो मी अँड जॉश शेअर्ड हिज.' वाक्याच्या पहिल्या अर्ध्यात 'आय', दुसऱ्या अर्ध्यात 'मी'. मराठीचा उच्चार आड येत असता, तर तो एकट्या सर्वनामात सगळ्यात आधी आला असता, कारण दिवसभरात मूल शंभरदा बोलतं ते एकटं सर्वनाम. गडबड होते ती 'अँड' आला की, आणि फक्त तेव्हाच.

दुसरी गोष्ट याहून सोपी. तीच मुलं म्हणतात, 'हिम अँड जॉश आर फायटिंग', 'हर अँड मी आर ऑन द सेम टीम'. आता 'हिम' किंवा 'हर' यांच्याशी मराठीतलं कोणतं सर्वनाम जुळतं? तो, ती, त्याला, तिला, यांपैकी एकाचाही उच्चार जवळपास फिरकत नाही. आरोपी ज्या जागी नव्हताच, तिथेही गुन्हा घडतो आहे. तरीही खटला त्याच्यावरच!

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. सांता क्लारा काउंटीत निम्म्याहून अधिक लोक घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलतात. वर्गात जॉशच्या एका बाजूला तमिळ घरातली मुलगी, तिच्या भाषेत स्वतःला 'नान'. दुसऱ्या बाजूला तेलुगू 'नेनु', मागे गुजराती 'हुं', पुढे मँडरिन 'वो', खिडकीपाशी स्पॅनिश 'यो'. मधल्या सुट्टीत ही सगळी सेना 'मी अँड' म्हणतच पळत असते. स्वतः जॉशच्या घरी तर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजीखेरीज काही बोललेलं नाही, आणि मुळात हा प्रयोग आपल्या पोराने उचलला असेल तर त्याच्याकडूनच उचलला आहे. निव्वळ इंग्रजी घरातलं दोन-अडीच वर्षांचं मूल 'मी डू इट' म्हणतं, ही बालभाषेच्या अभ्यासकांची जुनी नोंद आहे. ते पुढे सुटतं. 'अँड'च्या आसऱ्याचा 'मी' मात्र मोठेपणीही टिकतो. कॅलिफोर्नियाने २०१० साली स्वीकारलेल्या कॉमन कोअर मानकांत सर्वनामं योग्य विभक्तीत वापरता येण्याची अपेक्षा सहावीच्या इयत्तेत लिहून ठेवली आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे अजून शिकवावं लागतं, असं सरकारने कागदावर मान्य केलेलं आहे, आणि ते काही एकट्या मराठी मुलांना नजरेसमोर ठेवून नव्हे.

मग 'अँड'पाशी होतं तरी काय?

इंग्रजीची जुनी घडण पाहिली तर उलगडा होतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्ती होत्या, मराठीसारख्या. पुढच्या काही शतकांत त्या गळून पडल्या आणि कोण कर्ता, कोण कर्म हे शब्दांच्या क्रमावरून ओळखायची सवय भाषेला लागली. कर्ता-कर्माचा भेद दाखवणाऱ्या मूठभर जोड्या तेवढ्या सर्वनामांत उरल्या: आय-मी, ही-हिम, शी-हर, वुई-अस, दे-देम, हू-हूम. बाकी सगळीकडे रूप एकच असताना या जोड्या कशा वापरायच्या, याचा बोलणाऱ्यांनी स्वतःपुरता एक अंदाज बांधला. क्रियापदाच्या अगदी पुढ्यात, एकटं उभं असेल तर 'आय'. एरवी सगळीकडे 'मी'. ऑटो येस्पर्सन या डॅनिश अभ्यासकाने इंग्रजी सर्वनामांच्या या सरकासरकीवर १८९४ सालीच विस्ताराने लिहिलं. फ्रेंचमध्येही दारावरची थाप ऐकून कुणी कर्त्याचं रूप वापरत नाही, 'मुआ' म्हणतात. 'मी अँड जॉश' हे त्याच घराण्यातलं आहे. त्याला औपचारिक लेखनात जागा नाही, हे खरं. पण ते अडाणीपणातून येत नाही आणि परभाषेतून तर मुळीच येत नाही.

शुद्धतेचा ज्यांना फारच कळवळा आहे, त्यांनी 'यू'कडे एकदा पाहावं. पूर्वी इंग्रजीत अनेकवचनी कर्त्यासाठी 'यी' होतं आणि 'यू' हे केवळ कर्माचं रूप होतं. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये हा भेद बहुतेक सगळीकडे पाळलेला दिसतो. बोलीत मात्र तोवर 'यू'ने 'यी'ची जागा बळकावत आणली होती, आणि पुढे 'यी' हद्दपारच झालं. म्हणजे आज 'यू आर राँग' असं ठणकावून सांगणारा प्रत्येक वैयाकरण कर्माचं रूप कर्त्याच्या खुर्चीत बसवूनच बोलत असतो. मराठीतही असं झालं आहे. ज्ञानेश्वरीच्या काळापासून पार पेशवाईच्या पत्रांपर्यंत 'म्यां' हे तृतीयेचं वेगळं रूप भेटतं: म्यां केलें, म्यां सांगितलें. आज आपण 'मी केलं', 'मी सांगितलं' म्हणतो. 'त्याने केलं' म्हणताना 'ने' शाबूत आहे, 'मी'च्या बाबतीत प्रथमा आणि तृतीया एकाच रूपावर भागवल्या आहेत. त्यासाठी कुणी कुणाच्या मुलाला गाडीत झापल्याची नोंद नाही.

इंग्रजीत हे झापणं सुरू झालं अठराव्या शतकात. रॉबर्ट लाउथ हा ऑक्सफर्डचा विद्वान, पुढे लंडनचा बिशप. त्याने १७६२ साली इंग्रजीचं एक छोटेखानी व्याकरण छापलं आणि 'टू बी' या क्रियापदानंतर कर्त्याचंच रूप हवं असं त्यात मांडलं. लॅटिनमध्ये तसं होतं आणि लॅटिन ही त्या काळच्या शिकलेल्या माणसाची फूटपट्टी. जोसेफ प्रीस्टली, म्हणजे ऑक्सिजनच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं जातं तोच, त्याच दशकात आपल्या व्याकरणात उलट बाजूने उभा होता. लोकांची बोली आणि चांगल्या लेखकांची उदाहरणं वेगळं सांगत असतील, तर नियमानेच फेरविचार करावा, असा त्याचा कल. जिंकला लाउथ, कारण लिंडली मरी या अमेरिकेतून इंग्लंडला, यॉर्कशायरमध्ये, जाऊन राहिलेल्या वकिलाने १७९५ साली लाउथचाच कित्ता गिरवत जे शालेय व्याकरण काढलं, त्याच्या लाखो प्रती खपल्या. आपल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा त्यांच्यासमोरही मरीचाच नमुना होता. मराठी शिक्षितांना इंग्रजीचा जो धाक बसला, त्याचा उगम असा बराच मागे आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या यॉर्कशायरमधली छडी सांता क्लाराच्या गाडीत अजून फिरते आहे.

आता खरा मुद्दा. घरच्या घरी होणारी ती दुरुस्ती निरुपद्रवी असती तर हा लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. ती उपद्रवी आहे. 'जॉश अँड आय' असं दरडावताना कारण सांगितलं जात नाही. मुलाला एवढंच कळतं की 'मी' म्हटलं की बोलणी बसतात. मग ते शहाणं मूल सगळीकडूनच 'मी' हाकलतं. पंधरा दिवसांनी घरी येताना गाडीत सांगतं, 'द टीचर गेव्ह जॉश अँड आय अॅन एक्स्ट्रा डे.' या वेळी पुढच्या सीटवरून दुरुस्ती येत नाही. उलट समाधानाचा एक सुस्कारा येतो. आणि प्रमाण इंग्रजीच्या नियमाने चूक आहे ती हीच. 'मी अँड जॉश'मध्ये निदान जिवंत बोलीचा सहजपणा होता. इथे धाकापोटी केलेली शुद्धी आहे, आणि ती नेमकी उलट्या जागी पडली आहे.

यात आपली पोरं एकटी नाहीत, संगत मोठी आहे. १९९२ च्या प्रचारात बिल क्लिंटन यांनी मतदारांना 'गिव्ह अॅल गोर अँड आय अ चान्स' असं आवाहन केलं. गडी ऑक्सफर्डला जाऊन आलेला, येलचा कायद्याचा पदवीधर. बराक ओबामा हार्वर्डचे. २००८ ची निवडणूक जिंकल्यावर त्यांच्या तोंडी 'मिशेल अँड आय' कर्माच्या जागी इतक्यांदा आलं की २००९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर स्वतंत्र लेख छापून आला. आणि शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओ बसानिओला जे पत्र धाडतो, त्यातही 'बिटवीन'च्या पुढे 'यू'बरोबर 'मी' नाही, 'आय' आहे. क्लिंटन, ओबामा आणि अँटोनिओ यांच्या घरी मराठी बोलत नसत, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

या धाकाचं आणखी एक अपत्य म्हणजे 'मायसेल्फ'. भारतात मुलाखतीला गेलेला तरुण 'मायसेल्फ संजय' अशी सुरुवात करतो आणि त्यावर अमेरिकेत बसून मनसोक्त हसणारे आपले लोक दुसऱ्या दिवशी कंपनीतून मेल धाडतात: 'प्लीज रीच आउट टू लिंडा ऑर मायसेल्फ.' दोन्हीकडे भीती तीच. 'आय' म्हणावं की 'मी' हे ठरत नाही, मग तिसरंच, जरा भारदस्त दिसणारं रूप पुढे करायचं. लिंडाही तसंच लिहिते, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर द्यायला हवं. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात क्लिंटनची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं की 'अँड'ने जोडलेला समूह हा एक स्वतंत्र घटक आहे. समूहाची विभक्ती त्यातल्या प्रत्येक सदस्यावर उमटलीच पाहिजे, असा तर्काचा आग्रह नाही. २००२ चं केंब्रिजचं जाडजूड इंग्रजी व्याकरणही सुशिक्षित बोलण्यातल्या अशा 'अँड आय'ला निव्वळ चूक म्हणून झटकून टाकत नाही. वर्णन म्हणून हे सगळं ठीक आहे. पण त्यावरून 'काहीही चालतं' असा निष्कर्ष काढून मुलांना वाऱ्यावर सोडणं हा वेगळाच आळस झाला. कॉलेजच्या अर्जातला निबंध वाचणारा माणूस पिंकर वाचून बसलेला असेल याची हमी कोण देणार? लेखी, औपचारिक इंग्रजीत नियम अजून शिल्लक आहे आणि तो सोपा आहे. जोडीदाराला वाक्यातून क्षणभर बाहेर काढायचं. 'द टीचर गेव्ह आय' कानाला टोचतं, 'द टीचर गेव्ह मी' टोचत नाही. मग जॉशला परत आत घेतलं तरी 'मी'च राहणार. 'मी वेंट' टोचतं, म्हणून 'जॉश अँड आय वेंट'. हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं. पण ते अर्धं मिनिट देण्यापेक्षा दरडावणं सोपं असतं.

आणि ज्या मराठीवर आळ आला, ती इथे कामाला येते. 'शिक्षिकेने जॉशला आणि मला एक दिवस वाढवून दिला.' मराठी घरातलं कोणतंही मूल इथे 'जॉशला आणि मी' म्हणणार नाही. तुझ्यामाझ्यात, आमच्याबरोबर, त्याच्याकडून, तिच्यासाठी: मराठीत सर्वनाम रूप बदलल्याशिवाय पाऊलच टाकत नाही. जो 'बिटवीन यू अँड आय' बेधडक म्हणतो, त्याला 'तू आणि मी मध्ये' म्हणायला सांगा, जीभ अडखळेल. दिलं, बोलावलं, सांगितलं, पाहिलं अशा क्रियापदांपाशी मराठीतला 'मला' इंग्रजीतल्या 'मी'कडे बोट दाखवतो आणि मराठीतला 'मी' इंग्रजीतल्या 'आय'कडे. ही युक्ती सगळीकडे लागू नाही, हेही सांगितलं पाहिजे. 'मला वाटतं', 'मला माहीत आहे', 'मला भूक लागली' इथे मराठी 'मला' वापरते आणि इंग्रजी 'आय'. पण गंमत अशी की या जागी मराठी मुलं इंग्रजीत कधीच चुकत नाहीत. मराठीची छाया पडायची तर ती इथेच पडायला हवी होती.

छाया पडते ती उलट दिशेने. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळांतून बे एरियात शिकवणाऱ्या कुणालाही विचारावं, पोरं काय बोलतात. 'मी पिझ्झा आवडतो.' 'मी भूक आहे.' 'आय लाइक', 'आय अॅम हंग्री' ही इंग्रजी घडण मराठीत उतरते, 'मला' गळून पडतो. म्हणजे दोन भाषांच्या झटापटीत मार कोण खातं आहे हे स्वच्छ दिसत असताना, दंड मात्र मार खाणाऱ्यालाच.

मराठीकडून एवढं मात्र येत असेल, की 'मी आणि माझा मित्र' या क्रमात स्वतःला पुढे ठेवायला आपल्याकडे कुणी उद्धटपणा समजत नाही. इंग्रजीत दुसऱ्याचं नाव आधी घेण्याचा संकेत आहे. तो शिष्टाचार झाला, विभक्तीशी त्याचा संबंध नाही. 'मी अँड जॉश'ची 'जॉश अँड आय' करताना आईबाप या दोन वेगळ्या गोष्टी एकाच झापण्यात उरकतात, आणि मुलाला यातलं काय चुकलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

हा वाद जेवणाच्या टेबलावरच संपला असता तर बरं होतं. पण त्याचे पाय शाळेच्या कचेरीपर्यंत पोहोचतात. कॅलिफोर्नियात मुलाचं नाव घालताना घरच्या भाषेविषयी चार प्रश्नांचा एक तक्ता भरावा लागतो: मूल आधी कोणती भाषा शिकलं, घरी कोणती बोलतं, अशा धाटणीचा. तिथे 'मराठी' लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते, पूर्वी तिचं नाव सेल्ट होतं, २०१८ पासून एल्पॅक. ही चाचणी टळावी म्हणून तिथे सरळ 'इंग्लिश' लिहून टाका, असा सल्ला नवख्या मराठी आईबापांना जुने जाणते देतात. त्यामागे चाचणीचा कंटाळा असतो, तसा हा सिद्धांतही असतो, की मराठी म्हणजे इंग्रजीच्या वाटेतला अडथळा. राज्यानेही हा समज एकदा कायद्यात घालून पाहिला होता. १९९८ च्या प्रपोझिशन २२७ ने शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळपास गुंडाळलं. ते घडवून आणणारे रॉन अंझ याच सिलिकॉन व्हॅलीतले, सॉफ्टवेअरच्या धंद्यातले. २०१६ साली प्रपोझिशन ५८ ने मतदारांनी ते बरंचसं मागे घेतलं. त्याआधीच, २०११ च्या कायद्याने, दोन भाषा येणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदविकेवर खास मोहोर उमटवणारं कॅलिफोर्निया हे देशातलं पहिलं राज्य ठरलं होतं. राज्य वळलं, पण आपली जेवणाची टेबलं अजून १९९८ मध्येच बसली आहेत.

उरतो शेवटचा बचाव: परीक्षेत गुण जातात त्याचं काय? २०१६ पूर्वीच्या सॅट या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेत सर्वनामाच्या विभक्तीवर खरोखरच प्रश्न येत, आणि 'बिटवीन यू अँड आय' हा ठरलेला सापळा असे. त्यात कोण अडकत होतं? ज्याला घरी 'मी'ची भीती घातली तोच. परीक्षा घेणाऱ्यांचीही या दलदलीत एकदा फजिती झाली आहे. २००२ च्या पीएसएटीत, म्हणजे सॅटच्या पूर्वपरीक्षेत, लेखिका टोनी मॉरिसन यांच्यावरचं एक वाक्य देऊन त्यात चूक आहे का असं विचारलं होतं. अपेक्षित उत्तर, चूक नाही. मेरीलँडमधल्या एका शिक्षकाने हरकत घेतली: वाक्यातलं 'हर' हे कर्माचं सर्वनाम ज्या नामाकडे बोट दाखवतं ते षष्ठीत आहे, आणि कित्येक व्याकरणांच्या मते षष्ठीतल्या नामाकडे असं बोट दाखवता येत नाही. परीक्षा मंडळाने आधी हरकत फेटाळली, पत्रापत्री झाली, आणि २००३ च्या वसंतात तो प्रश्न बाद करून गुण पुन्हा मोजावे लागले. त्या 'हर'मध्ये चूक होती की नव्हती, यावर व्याकरणकारांचं एकमत आजही नाही.